माळाच्या फाट्यावरची चावी

गोजाबाईंनी एकदा नवस बोलला होता. तसे नवस त्यांनी आयुष्यात पुष्कळ बोलले आणि पुष्कळ फेडले. मुलाच्या गोवरासाठी बोलले, जावेच्या बाळंतपणासाठी बोलले, शेजारणीची शेळी हरवली तेव्हा शेळीसाठीसुद्धा बोलले. पण हा नवस पाण्याचा होता, आणि माझ्या आयुष्याची गाठ त्याच्याशी पडली ती कायमची. म्हणून तिथूनच सांगते. हातातलं निवडण-टिपण चालू द्या, कान तेवढा इकडे असू द्या.

मी चावी बोलतेय. कपाटाची नव्हे, तिजोरीची नव्हे. सोलापुरात लोक जिची चार-चार, पाच-पाच दिवस वाट बघतात, ती. रस्त्याखालून जाणाऱ्या पाण्याच्या लाईनचा वॉल्व फिरवणारी. छातीइतकी उंच लोखंडी सळई, वर दोन हातांनी धरायचा आडवा दांडा आणि खाली चौकोनी तोंड. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उचलायचं, मला आत सोडायचं, वॉल्वच्या माथ्यावर माझं तोंड बसवायचं आणि फिरवायचं. मग कुठेतरी लांब कुणीतरी ओरडतं, "पानी सुटलं गं!"

माझे मालक धुळाबा. सांगोल्याकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. महापालिकेत चावीवाले म्हणून लागले तेव्हा हाती आलेल्या चावीचं तोंड झिजून गोल झालेलं होतं. महिनाभर त्यांनी ती रेटली आणि मग गुंडा लोहाराच्या भात्यापाशी येऊन बसले.

गुंडा म्हणाला, "सरकारी काम हाय, सरकारी चावी वापर की. घरचं लोखंड कशाला झिजवतूस?"

"ती घसरती. घसरली की फेरा चुकतो. फेरा चुकला की कुणाच्या तरी दारात पानी जात न्हाय."

गुंडाने माझं तोंड तीनदा तापवलं, तीनदा ठोकलं. मी घरी आले त्या दिवशी गोजाबाई नवी नवरी होत्या. त्यांनी मला हळद-कुंकू लावलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आनलीसा व्हय माझी सवत? आता दिवसरात हिच्याच गळ्यात हात." दर खंडेनवमीला त्या मला पाटावर आडवी ठेवून पूजायच्या. आडवा दांडा पाटाबाहेर जायचा, त्याच्याखाली तांदळाचा डबा टेकवायच्या. पूजेत मला एक पुरणाचा दिवा ठरलेला. सवतीला कोण एवढं करतं?

आता तो नवस. बावीस वर्षं झाली. पाऊस नाही, धरणात गाळ दिसायला लागलेला. आमच्या लाईनच्या अगदी शेवटाला एक वस्ती होती, तिला सगळे टोकाची वस्तीच म्हणत. तिथं चंद्रव्वा राहायची. अक्कलकोटकडची, बोलताना निम्मं कानडी, निम्मं मराठी. कडक भाकरी करून विकायची. गोजाबाई तिच्याकडे भाकरी घ्यायला गेल्या, तर ती नवव्या महिन्याचं पोट घेऊन नळापाशी बसलेली. समोर पाच घागरी. पाण्याचा दिवस असून नळातून नुसती हवा येत होती.

"सा दिवस झाले अक्का," चंद्रव्वा म्हणाली. "नळ नुसता उसासे टाकतो. माज्यापेक्षा त्येलाच जास्त धाप लागली."

गोजाबाई घरी आल्या, न्हाल्या आणि सिद्धेश्वराला हात जोडून बोलल्या, "बाबा, टोकाच्या वस्तीला पानी पोचत न्हाय तवर पान्याच्या दिवशी मी दिवस मावळंस्तवर पान्याचा थेंब घेनार न्हाय." उपवासाचा नव्हे, निर्जळीचा नवस. तोही उन्हाळ्यात, सोलापुरात.

चार पाण्याचे दिवस त्यांनी तसेच काढले. चौथ्या दिवशी चुलीपुढे भोवळ येऊन पडल्या. पाचव्या पाण्याच्या दिवशी चंद्रव्वाच्या नळाला धो धो पाणी आलं. आठवड्याभरात तिला मुलगी झाली. गोजाबाईंनी पाच सवाष्णी जेवू घातल्या, पुरणपोळीचा नैवेद्य सिद्धेश्वराला नेला. धुळाबांनी त्या दिवशी मान खाली घालून सहा पोळ्या खाल्ल्या.

मान खाली का, हे मला माहीत होतं. मी तेव्हा बोलत नव्हते, एवढंच.

पुढे वर्षं गेली. धुळाबा निवृत्त झाले, शाल-नारळ मिळाला. मी घरचीच होते, म्हणून मीही त्यांच्याबरोबर घरी आले. मुलगा मल्हार नोकरीसाठी लांब गेला. त्याने खूप बोलावलं, पण गोजाबाई म्हणाल्या, "तिसऱ्या मजल्यावर नुसतं कपडं वाळत घालत बसायचं. त्यापरास आपल्या वयाची मानसं बरी." तर चार वर्षांपूर्वी दोघं 'निवांत' ज्येष्ठ निवासात आली. हद्दवाढ भागातल्या माळावर, खोल्यांच्या दोन ओळी, बत्तीस माणसं. मागच्या ओळीतली नऊ नंबरची खोली आमची. मी दाराच्या कोपऱ्यात उभी.

निवासातली माणसं मोठी कर्तबगार. एक मुख्याध्यापक, एक पोस्टातले, कुर्डुवाडीहून रेल्वेत चाळीस वर्षं काढून आलेले एक गार्डकाका. पण तिथं सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "आता आपल्याला काय करायचंय?" पेपर वाचला की म्हणायचे. दिवा गेला की म्हणायचे. माणसांची ही एक गंमतच आहे. वापरली नाही तर मी गंजते हे त्यांना ठाऊक असतं, म्हणून तेलाचं बोट फिरवतात. स्वतःवर मात्र फिरवत नाहीत.

धुळाबाही तसेच झाले. सकाळी ओट्यावर बसायचे ते जेवणाच्या घंटेलाच उठायचे. गोजाबाई त्यांच्याकडे बघायच्या आणि सोमवारी वातीची एक जोडी जास्त लावायच्या.

दोन वर्षांपूर्वी निवासाचं पाणी कमी व्हायला लागलं. आमच्याकडे येणाऱ्या लाईनच्या फाट्यावर मध्ये सहा नव्या इमारती उठल्या होत्या. आधी टाकी निम्मी भरायची, मग पाव, आणि या माघात तर पाण्याच्या दिवशीही तळ दिसायला लागला. टँकर मागवायचा तर त्याचीही खात्री नाही. एके दिवशी व्यवस्थापक पूनमताईंनी सगळ्यांना जेवणघरात बोलावलं. भली बाई. बोलताना ओढणीचं टोक पिळत होती.

"काका-काकू, संस्थेचं असं ठरलंय की पाण्याचं काही झालं नाही तर गुढीपाडव्यानंतर मागची ओळ बंद करायची. अकरा जणांना कुर्डुवाडीच्या निवासात हलवावं लागेल."

"खोल्या कशा हायती तितं?" गोजाबाईंनी विचारलं.

पूनमताई म्हणाल्या, "खोल्या नाहीत, काकू. हॉल आहेत. बायकांचा वेगळा, पुरुषांचा वेगळा. मधे अंगण आहे. दिवसा भेटता येतं."

पन्नास वर्षांचा संसार आणि दिवसा भेटता येतं. गोजाबाई खोलीत आल्या आणि धुळाबांची अंघोळीनंतरची बंडी उगीचच तीनदा घडी केली.

मुख्याध्यापकांनी सुरेख अक्षरात अर्ज लिहिला, बत्तीस सह्या झाल्या. आठवड्याने पाणीपुरवठ्याच्या कनिष्ठ अभियंता स्वतः आल्या. बुद्धप्रिया त्यांचं नाव. आमच्या खोलीपुढे, स्कूटरच्या सीटवर नकाशा पसरून, दोन कोपऱ्यांवर दगड ठेवून त्यांनी सगळ्यांना दाखवलं.

"ही टाकीची मुख्य लाईन. इथं दोन फाटे. एक टोकाच्या वस्तीला जातो, एक तुमच्या माळाला. माळाच्या फाट्यात पुरेसं पाणीच शिरत नाही. कुठेतरी वॉल्व मिटलेला असावा असं वाटतं, पण नकाशावर तिथं वॉल्वच नाही. वर काँक्रीटचा रस्ता झालाय. सगळा रस्ता फोडत बसता येणार नाही. तुमच्यात कुणी जुनं माहीतगार आहे का?"

सगळ्यांनी धुळाबांकडे पाहिलं. पूनमताई म्हणाल्या, "हे धुळाकाका. छत्तीस वर्षं चावीवाले होते."

बुद्धप्रियाबाईंचा चेहरा उजळला. "काका, आठवतंय काही?"

धुळाबा जमिनीकडे बघत म्हणाले, "मला आठवत न्हाय, बाई."

कोपऱ्यात उभी असलेली मी हलू शकले असते तर त्या क्षणी खणखणले असते. गोजाबाईही चमकल्या. त्यांना वाटलं, गेली, माणसाची याददाश्त गेली. त्यांनी लगेच दत्ताला सात गुरुवार बोलून टाकले.

पण बाई देवाला सांगून स्वस्थ बसणारी नव्हे. त्या दुपारी लसूण सोलता सोलता, काहीच नसल्यासारखं, त्यांनी विचारलं, "अवो, कन्ना चौकाच्या वॉल्वला किती फेरं हुते?"

"अठ्ठावीस," धुळाबा डोळे मिटूनच म्हणाले. "सत्ताविसाव्याला अडतो. जरा मागं घ्यावं लागतं."

"अन् शाळंच्या मागल्या?"

"त्यो उलटा बसवलाय. डावीकडं मिटतो."

गोजाबाईंनी लसणाचं ताट खाली ठेवलं. "मंग माळाचा फाटा तेवढा कसा इसरलासा?"

धुळाबांनी डोळे उघडले. मग उठले, मला खांद्यावर घेतलं आणि चालायला लागले. चार वर्षांत पहिल्यांदा. गोजाबाई पायात चपला सरकवत मागे. गेटवर नवऱ्याला दम लागलेला बघून त्यांनी माझं मागचं टोक धरलं. पुढे नवरा, मागे बायको, मधे मी. रस्त्यावरच्या पोरी फोन सोडून बघायला लागल्या.

माळाच्या फाट्यावर, पिंपरणीच्या झाडापासून अकरा पावलं मोजून धुळाबा थांबले. माझं तोंड काँक्रीटवर टेकवलं, आडव्या दांड्याला कान लावला. पाणी ऐकायची ही चावीवाल्यांची रीत. जमिनीखाली पाणी कसं चाललंय, ते माझ्या अंगातून त्यांच्या कानात जातं.

"ऐका," ते म्हणाले.

गोजाबाईंनीही कान लावला. बारीक, दबलेली शिट्टी होती. अडलेल्या पाण्याची.

"हितंच हाय वॉल्व. ईस फेऱ्यांचा. त्यातलं चौदा मीच मिटवल्यात. बावीस वर्सामागं."

"कुणाच्या हुकमानं?"

"तुझ्या."

गोजाबाईंना काही कळेना. धुळाबा रस्त्याच्या कडेला दगडावर बसले आणि मला मांडीवर आडवी धरून बोलत राहिले.

"तू चुलीपुढं पडलीस ना, त्या दिवशी. तवा माळावर चार बंगलं अन् एक रोपवाटिका. सगळं पानी तिकडंच पळायचं. सायबाला म्हनलं, तर म्हनला बंगल्यातली मानसं वरपर्यंत जात्याल. मी मंग पहाटं आलो अन् चौदा फेरं मिटवलं. पानी टोकाला गेलं. कुटं लिवलं न्हाय, कुनाला सांगितलं न्हाय. नंतर रस्ता वाढला, चेंबर बुजलं. माझ्या डोस्क्यात तेवढं ऱ्हायलं."

एक टेम्पो गेला, एक शाळेची रिक्षा गेली. धुळाबा घाबरले. बायकोच्या देवाला धक्का लावला असं त्यांना वाटत होतं. बावीस वर्षं त्यांनी हेच सांभाळलं होतं.

शेवटी गोजाबाई बोलल्या. "म्हंजी मी पाच सवाष्णी जेवू घातल्या, सिद्धेश्वराला निवद नेला, अन् तुमी माझ्यासमोर बसून सा पोळ्या गप खाल्लासा?"

"तुझं समाधान मोडू नये म्हनून."

"समाधान कशानं मोडतंय? मी देवाला सांगितलं, देवानं कुनाला तरी पाटवलंच असतं की. तुमाला पाटवलं. मला अदुगर सांगितलं असतासा तर निवदाचं ताट तुमच्याफुडं ठिवलं असतं अन् ओवाळलं बी असतं." मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "अन् त्या बाईला कशापाय खोटं बोललासा? आपली खोली जातीया. आपल्याला दोन हॉलांत टाकत्यात."

"वॉल्व उगडला की टोकाची वस्ती कोरडी पडंल, गोजे. आता तितं दोनशे घरं हायती. आपल्या खोलीपाय त्येंच्या तोंडचं पानी काढू?"

बघा, ही अशी कोंडी. बोलावं तर टोकाची वस्ती तहानेली, गप्प बसावं तर नवरा-बायको वेगळी. आणि हा माणूस इतके दिवस एकटाच ते गिळून ओट्यावर बसलेला. लोक म्हणत होते, म्हातारा थकला.

गोजाबाईंनी या वेळी कुठल्या देवाला नवस बोलला नाही. उठल्या, माझं टोक धरलं. "उटा. चंद्रव्वाला इचारू."

"काय इचारायचं?"

"तिचं पानी हाय. तिच्या पान्याचं तिला न इचारता बावीस वर्सं तुमी ठरवलं, ते झालं तेवढं लई झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही टोकाच्या वस्तीत गेलो, रिक्षाने. मी रिक्षातून दोन्हीकडे बाहेर. चंद्रव्वा आता आजी झालेली, चुलीपुढे तशीच पाय दुमडून भाकरी थापत होती.

"बा अक्का, बा," तिने बसायला पाट सरकवला. "ही तोफ कशाला आनली? लडाई हाय काय?"

धुळाबांनी सगळं सांगितलं. चंद्रव्वाने ऐकता ऐकता तीन भाकऱ्या टाकल्या, तीन उतरवल्या. मग म्हणाली, "बावीस वर्सं मी देवाचं पानी म्हनून पेले. निघालं ह्या बाबाचं. अन् मी दर सोमवारी देवळात तिकडं हात जोडते. तुमाला एक दिवस भाकरी तरी दिली असती, काका."

"आता दे की," गोजाबाई म्हणाल्या.

"देते. पन पानी देत न्हाय." तिने थापता थापता हात थांबवला. "खरं सांगू? आमच्याकडं पानी चार तास येतंय, पन करंगळीएवढं. चार तास नळापाशी बसून ऱ्हायचं, काम सोडून. जोरात आलं तर दोन तास बी लई झाले. पन दोन तासांनी तुमचा वॉल्व मिटवनार कोन? एकदा उगडला की वरची मानसं मिटवू देत न्हाईत. साहेब बदलतात, चावीवाला बदलतो. आमी परत उसासे ऐकत बसायचं."

"मी मिटवीन," गोजाबाई म्हणाल्या.

चंद्रव्वा हसली. "तू? तुला हातातली बांगडी फिरवता येत न्हाय."

"मिटवीन म्हनले ना."

"मग सगळ्यांसमोर बोल. खोलीत बोललेलं मला नको. बावीस वर्सं खोलीतच ठेवलं ह्यांनी."

झोन ऑफिसात दर महिन्याला नागरिकांची बैठक असते. निवासातून कधी कोणी गेलं नव्हतं. त्या वेळी पूनमताईंच्या गाडीने दोन फेऱ्या मारल्या आणि अठरा जण गेले. टोकाच्या वस्तीतून चंद्रव्वा बायका घेऊन आली. दारावरचा शिपाई मला आत सोडेना. "लोखंड बाहेर ठेवा, आजोबा." गार्डकाका त्याला म्हणाले, "बाबा, ती साक्षीदार आहे." शिपायाने डोकं खाजवलं आणि सोडलं.

धुळाबा उभे राहिले. त्यांनी माझा टेकू घेतला. छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्यावर कधी ठपका नव्हता. ते म्हणाले, "माळाच्या फाट्याचा वॉल्व मी मिटवलाय. हुकूम नव्हता. नोंद केली न्हाय. गेल्या आठवड्यात बाईंनी इचारलं तवा बी मी खोटं बोललो."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "बघा, हे आमचं पाणी." सहा इमारतींपैकी कुणीतरी असावं. चंद्रव्वा तिथूनच म्हणाली, "तुमच्या इमारतीच्या आदी आमच्या घागरी हाईत, दादा. बसा."

बुद्धप्रियाबाईंनी वहीत लिहिता लिहिता मान वर केली. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "काका, मी 'पूर्वी केलेली तात्पुरती व्यवस्था' असं लिहिते. नाव घालायची गरज नाही."

"नाव घाला. न्हायतर उद्या दुसऱ्या कुना चावीवाल्यावर यील."

त्यांनी नाव लिहिलं. मग दोन्हीकडच्या माणसांना टेबलाभोवती उभं करून पाण्याच्या वेळा मांडल्या. पहिले दोन तास माळाचा फाटा पूर्ण उघडा, नंतर चौदा फेरे बंद, पुढचे दोन तास टोकाच्या वस्तीला पूर्ण जोर. अडचण एकच, चंद्रव्वाने सांगितली तीच. आताचा चावीवाला सतरा वॉल्व सांभाळतो. पहाटे उघडून तो पुढे जातो, दोन तासांनी परत यायला त्याला सवड नाही.

गोजाबाई पदर खोचून उभ्या राहिल्या. घरातल्या बाईला सभेत बोलायची सवय नसते. त्यांनी नवस बोलताना जोडतात तसे हात जोडले. "मी 'निवांत'मधली. आमी रोजचं मोकळंच बसतोय. दोन तास झालं की वॉल्व आमी मिटवू. आमची टाकी भरली तर भरली, न्हाय भरली तर न्हाय भरली. पर मिटवू. हे मी दोनी गावांच्या... दोनी वस्त्यांच्या म्होरं बोलते."

सगळ्यांपुढे बोललेला तो त्यांचा पहिला नवस.

पंधरा दिवसांत पिंपरणीपासून अकरा पावलांवर रस्ता कापला. अकराव्या पावलाखाली चेंबर निघालं. कापणाऱ्याने विचारलं, "आजोबा, मशीन लावून शोधलं का?" वॉल्वचा माथा गंजून बारीक झाला होता. महापालिकेची नवी चावी त्यावर गरगर फिरली. मला आत सोडलं तशी मी जागच्या जागी बसले. गुंडाने तीनदा तापवलेलं तोंड.

पहिला पाण्याचा दिवस पाडव्याआधीच्या सोमवारी आला. सकाळी सहाला चावीवाल्याने माझ्याकडून मिटलेले चौदा फेरे उघडले आणि तो पुढे गेला. चेंबरभोवती खुर्च्या मांडून निवासातले दहा-बारा जण बसले. गार्डकाका घड्याळ घेऊन, तोंडात जुनी शिट्टी धरून. मुख्याध्यापक वेळ लिहायला. निवासातून पूनमताई फोनवर सांगत होत्या: टाकीत पाणी पडलं, पाव झाली, निम्मी झाली. माणसं टाळ्या वाजवत होती. गोजाबाई सगळ्यांना चहा देत फिरत होत्या.

आठला गार्डकाकांनी शिट्टी वाजवली.

त्याच क्षणी फोनवर पूनमताई म्हणाल्या, "वीतभर बाकी आहे. फक्त वीतभर."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पोस्टातले काका म्हणाले, "दहा मिनिटं. दहा मिनिटांनी कुणाचं काय जातंय? आपली मागची ओळ वाचेल." कुणीच त्यांना खोटं म्हटलं नाही. त्यांचीही खोली मागच्याच ओळीत होती. धुळाबांनी माझ्या दांड्यावर हात ठेवले, पण हात फिरेनात. मला त्यांच्या तळव्यांचा घाम कळत होता.

गोजाबाईंनी किटली खाली ठेवली. आल्या आणि दांड्याची दुसरी बाजू धरली. हिरव्या बांगड्या माझ्यावर किणकिणल्या. आयुष्यभर त्यांनी मला पूजलं होतं, फिरवलं कधीच नव्हतं.

"मोजा," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"येक," धुळाबा म्हणाले.

दोघांनी मिळून मला फिरवलं. जड होतं. चौथ्या फेऱ्याला पोस्टातले काका उठले, त्यांनीही हात घातला. नवव्याला त्यांनाही धाप लागली. चौदावा फेरा झाला तेव्हा धुळाबांनी माझ्या दांड्याला कान लावला, आणि मीही त्यांच्याबरोबर ऐकलं. खालचं पाणी वळलं. मोठं जनावर कूस बदलतं तसं.

दहा मिनिटांनी गोजाबाईंचा फोन वाजला. पलीकडे बादल्यांचा गोंधळ आणि त्यावर चंद्रव्वाचा आवाज. "नीरु बंतु, अक्का! पानी आलं! किती जोरात, घागर हातातून सुटतीया!"

टाकी वीतभर कमी राहिली. संस्थेने येऊन मोजलं, चार पाण्याचे दिवस पाहिले. बत्तीस माणसांना तेवढं पाणी पुरतं, पुरवून वापरलं तर. पुरवून कसं वापरायचं हे तिथल्या बायकांना शिकवायला कुणाची गरज नव्हती. पाडवा गेला. नऊ नंबरच्या खोलीत दोन्ही खाटा आहेत तशाच आहेत, शेजारी शेजारी.

आता बुद्धप्रियाबाई दर शुक्रवारी नकाशा घेऊन येतात. ओट्यावर तो पसरतात आणि धुळाबा बोटाने एकेक जागा दाखवतात: हितं एक हाय, हितं डाव्या हाताचा हाय, हितला बदललाय. आतापर्यंत एकोणीस वॉल्व नकाशावर चढले. मुख्याध्यापक नावं लिहितात. पुढच्या बैठकीत बसथांब्याचा विषय मांडायचा म्हणून बाकीची मंडळी आत्ताच आपसात भांडायला लागली आहेत.

माझं म्हणाल तर तोंड थोडं झिजलंय, दांडा एका बाजूला वाकलाय. दर पाचव्या दिवशी खांद्यांवरून जाते, येते. यंदाच्या खंडेनवमीला गोजाबाई मला पुसताना म्हणाल्या, "सवतीबाई, आता माझ्या बी हाताला घट्टे आले." आणि तळवे मला दाखवले.

तर ऐकणाऱ्यांनो, माझं मागणं मोठं नाही. तुमच्या दारातही कुणाचा तरी वाटा अडलेला असेल, आणि त्याची जागा तुम्हाला एकट्यालाच ठाऊक असेल. वय झालं म्हणून ती डोक्यात घेऊन बसू नका. चारचौघांत उभं राहा, सांगा, नाव घालायला लावा. आणि मग वेळ भरली की, आपली टाकी वीतभर रिकामी असतानाच उठा. पहिला हात आपला घाला. मोजायला कुणीतरी जवळ घ्या. गोजाबाईंनी जसं केलं, तसं तुम्ही करा.